रबराचा वाटा मागायला मनोरीला

"परदेशी पाहुण्यांबरोबर दौऱ्यावर होता म्हणे! कुठे, सिंगापूरला?" परत आल्यापासून जो भेटतो तो हेच विचारतो. मी म्हणतो, "मनोरीला." मग समोरच्याचा चेहरा असा पडतो की जणू मी त्याचं काही चोरून नेलं. अहो, मनोरीला काय कमी प्रवास आहे? मालाडहून मार्व्याच्या बंदरावर जायचं, तिथे ओहोटी आहे की भरती ते नशिबावर सोडायचं, होडीत बसायचं आणि खाडी ओलांडायची. दादर-गिरगावातल्या किती जणांनी ती ओलांडली आहे, सांगा बघू. म्हणून हा वृत्तान्त लिहितोय. शिवाय लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल, हेही एक कारण आहे.

आधी मी कोण ते सांगतो. माझा आणि माझ्या मेहुण्याचा, वसंताचा, घाटकोपरला आग्रा रोडला लागून रबराचा लहानसा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक बॉयलर, रबर मळायचे दोन रूळ आणि साचे. शेकायच्या पिशव्या, नळांचे वायसर, इस्पितळात लागतात त्या नळ्या असलं आम्ही काढतो. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात तिकडे कोरियात लढाई पेटली आणि इकडे आमच्या रुळांवर कोळिष्टकं धरायला लागली. कारण लढाईला टायर लागतात, टायरला रबर लागतं, आणि रबर पिकतं मलायात आणि लंकेत. आपल्याकडे त्रावणकोरात होतं ते मोठ्या कारखान्यांनाच पुरत नाही. आमचं परमिट आधी अर्ध्यावर आलं, मग पाव हिश्श्यावर. आता पुढच्या महिन्याला काहीच नाही, असं कळलं होतं.

अशात मुंबईत मित्रदेशांची बैठक भरली. कुणाला किती रबर द्यायचं ते ठरवायला. लहान कारखानदारांतर्फे एक माणूस हवा होता, आणि मला इंग्रजी बोलता येतं असा गैरसमज असल्यामुळे मला पाठवलं. दिल्लीहून आपल्या बाजूचे मुख्य म्हणून नाडकर्णी साहेब आले होते. मूळचे पार्ल्याचे. विद्वान, सभ्य, आवाज कधी चढणार नाही. अशा माणसाचा मला इतका राग येईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

बैठकीचं काय सांगू? पहिला अर्धा दिवस भारताला मित्र म्हणायचं की नाही यातच गेला. आपण लढायला सैन्य पाठवलं नव्हतं, जखमींना पाहायला डॉक्टर पाठवले होते. म्हणजे अर्धे मित्र! अमेरिकेच्या माणसाने पहिल्याच दिवशी सिंहाचा वाटा उचलला आणि विमानात बसला. मग उरलेल्यांनी उरलेल्यासाठी भांडायचं. शेवटी लंकेने सगळ्यांच्या साठ्यात टाकलेल्या मालातला थोडासा शिल्लक राहिला. तो कुणा लहान मित्राला हवा असेल तर द्यायचा, नाहीतर लंकेला परत, असं ठरलं. आमच्यासारख्या शेडींना तेवढा मिळाला असता तर पावसाळा निघाला असता. नाही मिळाला तर शेडला कुलूप. इतका सरळ हिशोब होता.

हा माल कुणाला द्यायचा ते बैठकीचे अध्यक्ष हॉकिन्स साहेब ठरवणार होते. मलायातला जुना मळेवाला इंग्रज, उंच, उन्हाने लालभडक झालेला. दुसरे होते लंकेचे परेरा. बारीक, काळेसावळे, फार कमी बोलणारे. नाडकर्णी मला म्हणाले, "असं टेबलावर मागणं बरं दिसत नाही हो. यांना जरा बाहेर नेऊ. तुमचा कारखाना दाखवू, कान्हेरी दाखवू, मनोरीला माझ्या एका स्नेह्याचा बंगला आहे, तिथे जेवू. पोटात गेलं की ओठावर येतं."

मलाही तेव्हा ते पटलं होतं.

घाटकोपर

पाहुणे कारखान्यावर येणार म्हटल्यावर आमच्या घरात जे सुरू झालं ते वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. वसंताने शेडला चुना मारला. दाराला तोरण लावलं. इथपर्यंत मी गप्प होतो. मग पाहतो तर शेजारच्या शाहांकडून हातगाडीवर रबराच्या गाठी येतायत! शाह बुटांचे तळवे काढतात, त्यांचं परमिट मोठं, माल पडून असतो. धुरावर वाळवलेल्या तपकिरी रबराच्या गाठी आमच्या रिकाम्या गोदामात छतापर्यंत रचल्या जात होत्या आणि साऱ्या शेडभर तो आंबूस धुरकट वास सुटला होता.

"वसंता, हे काय रे?"

"उसने आणलेत. चार दिवसांनी परत."

"अरे पण कशाला?"

उत्तर वसंताने दिलं नाही, त्याच्या बहिणीने दिलं. म्हणजे आमच्या सुमतीने. ती पाहुण्यांसाठी करंज्या घेऊन आली होती. "अहो, साहेबलोक येतायत आणि गोदाम रिकामं? काय म्हणतील ते?"

"अगं, गोदाम रिकामं आहे हेच म्हणायला हवंय त्यांनी! त्यासाठीच तर आणतोय त्यांना!"

"काहीतरीच तुमचं. मागायचं ते मागा ना, पण आब राखून मागा."

दोघं बहीणभाऊ एका बाजूला आणि मी एकटा. वर नाडकर्णींनाही ती कल्पना आवडली. "देश आताच स्वतंत्र झालाय. भिकेचं भांडं पुढे करायचं नाही," म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्याकडे रुळांवर सावंत मिस्त्री आहे. मालवणचा, तापट, तोंडाचा फटकळ. गेल्या दिवाळीत त्याने बायको आणि दोन पोरं गावाहून आणली, इथे टेकडीवर खोली घेतली. शेड बंद झाली की ती खोली जाणार आणि पोरं परत गावाला. तो सकाळी धुतलेला शर्ट घालून माझ्यासमोर उभा राहिला. "सायबा, मी बोलू त्या गोऱ्याशी? माका हिंदी येता. मी सांगतंय तेका आमचा काय ता."

मी काही म्हणायच्या आत वसंताच बोलला. "सावंत, तू मशीन चालव. बोलायचं काम आमचं."

सावंतने मान उडवली आणि गेला.

हॉकिन्स आले. करंजी खाल्ली. रूळ फिरताना पाहिले. ते रूळही शाहांच्याच रबरावर फिरत होते, हे सांगायला नको. मग ते गोदामात शिरले, गाठींवर थाप मारली आणि मोकळेपणाने हसले. "मिस्टर नाडकर्णी, इंग्लंडातल्या माझ्या ओळखीच्या कारखान्यांत एवढा माल नाही आज! शाब्बास."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नाडकर्णींनी माझ्या पायावर बूट ठेवला. चांगला दाबून ठेवला. आणि वसंता, माझा सख्खा मेहुणा, छाती फुगवून म्हणतो, "थँक्यू सर!"

परेरा मात्र गाठींकडे फारसे बघत नव्हते. दुपारची सुट्टी झाली होती. सावंत डबा उघडून बसला होता, त्याच्यासमोर ते उभे राहिले आणि मला म्हणाले, "विचारा, डब्यात भात का नाही?" मी विचारलं. सावंत म्हणाला, "रेशनाचो तांदूळ पोरांक. आमका भाकरी." मी ते इंग्रजीत सांगितलं. परेरांनी मान हलवली आणि ते त्या डब्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, चला, एकाला तरी आमची दया आली.

कान्हेरी

दुसऱ्या दिवशी बोरीवलीला गेलो. गावाबाहेर पडलं की जंगल लागतं, आणि त्या जंगलातून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारी वाट म्हणजे दगड आणि खड्डे, मध्ये मध्ये थोडी वाट. सरकारी जीप होती. निम्म्या वाटेत फाट् आवाज झाला. चाक बसलं. ड्रायव्हरने मागचं जादा चाक काढलं तर ते इतकं गुळगुळीत की त्यावर शेव्हिंगचा साबण लावता आला असता.

मला आनंद झाला. खरंच सांगतो, देवच धावून आला असं वाटलं. रबराचा तुटवडा म्हणजे काय ते हॉकिन्सना आता जंगलात उभं राहून दिसणार होतं. त्यांनी विचारलंच, "टायर मिळत नाहीत का तुमच्याकडे?"

नाडकर्णी झटकन म्हणाले, "छे, छे! टायर भरपूर. रस्ताच जरा खराब आहे."

"साहेब!" मी मराठीत ओरडलो.

"गप्प बसा हो. पाहुण्यांसमोर रडगाणं गायचं नसतं. योग्य वेळी बोलू."

"योग्य वेळ कधी येणार?"

"त्यांनी विचारलं की."

मग उरलेली वाट चाललो. ऊन चढलं होतं, हॉकिन्स टोपीने वारा घेत होते. लेण्यांशी पोचलो तेव्हा मुंबईच्या कुठल्याशा शाळेची सहल तिथे भेळ खात बसली होती आणि त्यांच्या बाई सगळ्यांना सांगत होत्या की मूर्तीच्या नाकाला हात लावू नका. आपल्याकडे कान्हेरी म्हणजे सहल, डबा आणि पाण्याची टाकी. मी स्वतः चार-पाच वेळा गेलो असेन, पण बुद्धाच्या पुढे बसलो असं कधी झालं नाही. परेरांनी चैत्याच्या दाराशीच बूट काढले. नाव परेरा असलं तरी माणूस बौद्ध, त्यांच्या बेटावर पोर्तुगीज नावं बौद्धांनाही चिकटली आहेत, असं त्यांनीच सांगितलं. आत जाऊन त्या मोठ्या मूर्तीपुढे ते बराच वेळ हात जोडून बसले. पोरं भेळ खायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली. मलाही उगाच पायांतल्या चपला जड वाटायला लागल्या आणि मी त्या काढल्या.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे अशा ठिकाणी सकाळी भात नेऊन ठेवतात." "आता नेत नाहीत?" मी विचारलं. "नेतात. थोडा," म्हणाले. तेवढंच. मी ते विसरूनही गेलो, कारण नाडकर्णी हॉकिन्सना लेण्यांचा इतिहास सांगत होते आणि रबराचा र सुद्धा त्यांच्या तोंडातून निघत नव्हता.

मार्वे आणि मनोरी

तिसऱ्या दिवशी मार्व्याला पोचलो तर ओहोटी. होडी लांब चिखलापलीकडे. कोळी हसत हसत म्हणाला, साहेबांना पाठीवर नेतो. हॉकिन्स लगेच त्याच्या पाठीवर बसले, मलायात सवय होती म्हणे. परेरांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि चालू लागले. नाडकर्णींना मात्र पाठीवर बसणं कमीपणाचं वाटलं आणि विजार गुंडाळणंही. ते बुटांसकट उतरले. मधोमध एक बूट चिखलाने ओढून घेतला. कोळ्याने हात घालून तो बाहेर काढला तेव्हा त्यात एक लहानसा खेकडा होता. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा पोटभर हसलो.

मनोरी मात्र झकास आहे, हे कबूल केलं पाहिजे. माडांखाली कौलारू घरं, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, दारात क्रूस आणि क्रुसाला झेंडूची माळ. वास येतो, पण अर्ध्या तासाने नाक तक्रार करणं सोडून देतं. नाडकर्णींच्या स्नेह्याचा बंगला समुद्रावरच होता आणि स्वयंपाकाला गावातल्याच एक बाई, त्यांना सगळे आंटी म्हणत. त्यांचंही आडनाव परेरा निघालं! लंकेच्या परेरांचं नाव ऐकून आंटी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मंग तू आमचाच! बस." त्यांना बौद्ध वगैरे काही सांगायची सोय नव्हती. त्यांनी परेरांचा गालगुच्चा घेतला. एवढे गंभीर परेरा लाजले.

दारूबंदी असल्यामुळे हॉकिन्सनी आपलं दारूचं परमिट आणि बाटली हॉटेलातच ठेवली होती. पण मागल्या अंगणात कसला वास येतो असं त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा आंटींना अचानक ऐकू येईनासं झालं.

जेवायला बसलो. तळलेले बोंबील, कोळंबीचं लोणचं, नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण, फुगे म्हणून त्यांचा एक गोल फुगलेला पाव, आणि भात. मी घाटकोपरचा देशस्थ, बोंबील पाहिला की मला सुमतीचा चेहरा आठवतो. पण खाल्ला. आणि आंटींचा आग्रह! आमच्या लग्नातल्या पंगतींतले वाढपी बरे. नाडकर्णी ताटावर आडवा हात धरून "नको, नको, बस झालं," म्हणाले की आंटी तो हात बाजूला सारून वाढायच्या. "नको म्हंजे काय! घ्यायचा!" तीनदा नको झालं आणि तीनदा ताट भरलं. नाडकर्णी खूश. आपल्याकडे असंच असतं ना. पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट, दुसऱ्यांदा नको म्हणणारा सभ्य, आणि तिसऱ्यांदा वाढलेलं खाणारा पाहुणा. हॉकिन्सना हे कळेना. त्यांना हवं तेव्हा ते हो म्हणत, नको तेव्हा नो म्हणत, आणि नो म्हटल्यावरही ताटात मासा पडला की घाबरून आंटींकडे बघत. परेरा तर नको म्हणतच नव्हते. मान खाली घालून भात खात होते. आंटींनी वाढला, खाल्ला. पुन्हा वाढला, पुन्हा खाल्ला.

आणि त्याच वेळी हॉकिन्सनी बोटं पुसली आणि म्हणाले, "मिस्टर नाडकर्णी, तो शिल्लक माल राहिलाय. भारताला हवा आहे का?"

माझा घास हातातच राहिला. आली! योग्य वेळ आली! मी नाडकर्णींकडे बघितलं. माणसाने काय करावं? तोच आडवा हात ताटावर धरला, तेच गोड हसू, आणि म्हणाले, "छे, छे. आधी बाकीच्या मित्रांचं होऊ द्या. आमचं काय, चाललंय."

"फार मोठं मन आहे तुमचं," हॉकिन्स म्हणाले. "मग ठरलं." आणि त्यांनी बोंबलाचा काटा काढायला घेतला.

हात धुवायच्या निमित्ताने मी नाडकर्णींना विहिरीजवळ गाठलं. "साहेब, तुम्ही नको काय म्हणालात?"

"अहो, पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो कोण म्हणतं? पुन्हा विचारतील की."

"ते इंग्रज आहेत! ते पुन्हा विचारत नाहीत!"

"असं कसं? सभ्य माणूस आहे. एकदा तरी आग्रह करेलच."

मग दुपारभर आम्ही आग्रहाची वाट पाहिली. हे मी लिहितोय आणि माझंच रक्त उकळतंय. हॉकिन्स माडाखाली आरामखुर्चीत घोरत होते आणि भारत सरकारचे प्रतिनिधी त्यांच्याभोवती चिखलाच्या बुटांनी घिरट्या घालत होते. एकदा खाकरून पाहिलं. एकदा खुर्चीजवळ बसून "हवा छान आहे," असं मोठ्याने म्हणाले. हॉकिन्स कूस बदलून झोपले. मी म्हटलं, "उठवा आणि सांगा." ते म्हणाले, "झोपलेल्या पाहुण्याला उठवून मागायचं? शोभेल का?" मी म्हटलं, "तुम्हाला नसेल शोभत, मला शोभतं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुम्ही माझ्या हाताखाली आला आहात, हे लक्षात ठेवा." आता सरकारी माणूस, उद्याचं परमिटही त्याच्याच सहीचं. बसलो चरफडत.

चहाच्या वेळी हॉकिन्स जागे झाले. आग्रह केला, पण आंटींना, अजून एक फुगा द्या म्हणून.

होडीत मात्र माझा बांध फुटला. भरती आली होती, संध्याकाळ झाली होती, पलीकडे मार्व्याचा धक्का जवळ येत होता, आणि धक्क्यावर उतरलं की संपलं सगळं, हे मला दिसत होतं. माझं इंग्रजी जसं होतं तसं बाहेर पडलं. "सर, आम्हाला माल हवाय. गोदाम खोटं होतं. गाठी शेजाऱ्याच्या. टायर नाहीत आमच्याकडे. काही नाही आमच्याकडे. पुढच्या महिन्यात शेड बंद होणार."

नाडकर्णी पाण्याकडे बघत राहिले. हॉकिन्स माझ्याकडे असे बघत होते की जणू मी वेडा झालोय. "पण मी स्वतः विचारलं. ते नो म्हणाले."

"ते नो म्हणजे नो नव्हतं, सर."

"मग काय होतं?"

मी म्हटलं, "आमच्यात दोनदा विचारावं लागतं."

"आणि उसना माल का आणला? गरज आहे हे दाखवायचं तर रिकामं गोदाम दाखवायचं."

"हेच मी माझ्या बायकोला सांगत होतो!"

ते हसले नाहीत. वाईट वाटल्यासारखे दिसले, एवढं खरं. म्हणाले, जेवणानंतर आम्ही विहिरीवर होतो तेव्हाच त्यांनी होडीवाल्याबरोबर पलीकडे ड्रायव्हरला चिठ्ठी धाडली होती, मालाडहून तार कर म्हणून. तार गेली. माल लंकेला परत गेला. आता बदलायचं तर सगळे देश पुन्हा बसवावे लागतील, आणि ते बसायचे नाहीत.

मार्व्याच्या धक्क्यावर जीप यायला वेळ होता. नाडकर्णी आणि हॉकिन्स पुढे जाऊन उभे राहिले. परेरा माझ्याशेजारी दगडावर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय?"

"त्यांचं नो. आमच्याकडेही तसंच म्हणतात. माझी आई तर तीनदा म्हणायची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "मग तुम्ही का नाही बोललात? एक शब्द! हॉकिन्सना सांगायचं, पुन्हा विचारा!"

"कारण तो माल मला परत हवा होता." त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "माझ्या बेटावर तांदूळ नाही, मिस्टर. तुम्ही मित्र लोक आम्हाला रबराचे पैसे देता. पैसे शिजवून खाता येत नाहीत. आता जो तांदूळ देईल त्याला मी रबर देणार. मग तो तुमचा मित्र असो वा नसो."

मला त्यांना धक्क्यावरून खाडीत ढकलून द्यावंसं वाटलं. खरंच वाटलं. आणि त्याच वेळी आंटींच्या हातचा तो भात आठवला, मान वर न करता पुन्हा पुन्हा खाल्लेला. कारखान्यात सावंतच्या डब्यापुढे उभं राहून ह्या माणसाने भात का नाही असं विचारलं होतं, आणि मी मूर्ख, त्याला आमची दया आली असं समजत होतो. रागावलेल्या माणसाला समोरच्याचं खरं पटावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. मी म्हटलं, "तुमचं खरं आहे. पण माझी वाट लागली." ते म्हणाले, "हो." माफी मागितली नाही. मागितली असती तर मी अजूनच भडकलो असतो.

जीप आली. घाटकोपरला मी उतरताना नाडकर्णी म्हणाले, "पुढच्या वाटपात बघू." मी नमस्कार सुद्धा केला नाही. सुमतीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, पण साहेब आहेत ते." आमच्या घरात कुणी काही शिकेल अशी आशा मी सोडून दिली आहे.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी शाहांचा माल परत करायचा होता. मी पोचलो तेव्हा सावंत आणि दोघंतिघं गाठी हातगाडीवर चढवत होते. वसंता शेडमध्ये तोंड लपवून बसला होता, बातमी त्याच्याकडून सगळ्यांना कळली होती. तोरण अजून दाराला तसंच होतं. सुकलेलं.

सावंतने गाठ गाडीवर टाकली, हात झटकले आणि माझ्यासमोर आला. "तुमी मागल्यात मां, सायबा?"

"मागितलं रे."

"कधी?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण सगळ्या दौऱ्यात इतकं खोटं झालं होतं की आता तोंडातून निघेना. "होडीत. जेवणं झाल्यावर. तोवर माल गेला होता."

"आणि जेवताना इचारल्यान तेवा?"

"तेव्हा साहेब नको म्हणाले."

"नको?" सावंतचा आवाज चढला. "कोणाक नको? माका होया होता! ह्यांका सगळ्यांक होया होता! आमका कोणी इचारल्यान?" बाकीचे काम थांबवून उभे राहिले. मला वाटलं, हा आता माझ्या अंगावर येणार, आणि आला असता तर मी हात वर केला नसता. पण तो नुसता उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ऐतवारच्या बोटीन पोरांक धाडतंय गावाक. त्येंका काय सांगू? सायब लाजलो म्हणान सांगू?"

मी गाडीवरून घसरणारी एक गाठ सावरली.

"लाज तुमची रवली, सायबा," तो म्हणाला. "पोटां आमची गेली."

त्याने गाडीची दांडी उचलली. शाहांच्या दारापर्यंत चढ आहे आणि गाडी जड होती. मी मागून हात लावला. आणि आम्ही दोघं ती वर ढकलायला लागलो.